निर्णयाआधीचा एक प्रश्न: मुंबईच्या प्लेगपासून दुबईच्या उन्हापर्यंत



१५ जून उजाडला की आपल्या या देशात एक गोष्ट दरवर्षी घडते. दुपारी साडेबाराला बांधकामावरचे आवाज थांबतात. क्रेन जागच्या जागी उभ्या राहतात. हेल्मेट काढून माणसं सावलीत येऊन बसतात, कुणी पाठ टेकतो, कुणी घरी व्हिडिओ कॉल लावतो. तीन वाजेपर्यंत उघड्या उन्हात काम करायचं नाही, असा नियम आहे. तो १५ सप्टेंबरपर्यंत चालतो. आपण गाडीच्या काचेआडून हे दृश्य इतक्यांदा पाहिलंय की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही.

पण हा नियम कायम नव्हता. तो २००५ साली आला. त्याआधीही ऊन एवढंच होतं आणि माणसंही उन्हातच उभी होती. मग २००५ साली नवीन काय झालं? कामाचं वेळापत्रक ठरवताना त्या वेळापत्रकाचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम होतो, हे सरकारने हिशेबात धरलं. आजच्या भागात आपण या हिशेबाचाच इतिहास पाहणार आहोत. इंग्रजीत त्याला हेल्थ इम्पॅक्ट असेसमेंट म्हणतात. आपण सरळ मराठीत म्हणू, आरोग्य परिणाम मूल्यांकन. नाव जड आहे, पण कल्पना सोपी आहे. रस्ता, बाजार, घरं, बससेवा, कर, यांबद्दलचा कुठलाही निर्णय घेण्याआधी विचारायचं की यामुळे कुणाची तब्येत सुधारेल, कुणाची बिघडेल आणि आपण त्यांना विचारलंय का.

मी आयटीवाला माणूस. आमच्याकडे सिस्टिममध्ये साधा एक बदल करायचा तरी आधी फॉर्म भरावा लागतो. हा बदल केला तर आणखी काय काय बिघडू शकतं, ते लिहून द्यावं लागतं. त्याशिवाय बदल पुढे जात नाही. असं असूनही मी स्वतः एकदा सपशेल चुकलोय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीचं ऑफिस हलवण्याचा हिशेब मी मांडला होता. मेट्रो स्टेशनजवळची जागा महाग होती, शहराबाहेरची स्वस्त. भाडं, वीज, पार्किंग, इंटरनेट, सगळे रकाने माझ्या एक्सेलमध्ये होते. ऑफिस हललं, पैसे वाचले, माझं कौतुकही झालं. ऑगस्टमध्ये आमच्या पँट्रीत काम करणारा सांगलीकडचा एक मुलगा बस स्टॉपवरून चालत येताना चक्कर येऊन पडला. वेळेवर पाणी मिळालं, सावलीत नेलं, म्हणून निभावलं. त्या रात्री मी ती एक्सेल शीट पुन्हा उघडली. बसने येऊन उन्हात चालणाऱ्यांसाठी तिच्यात रकानाच नव्हता. गाडीने येणाऱ्यांची पार्किंगची सोय मात्र मी दोन वेळा तपासली होती.

मंडळी, हा न केलेला रकाना ही काही माझ्या एकट्याची चूक नाही. मोठमोठ्या शहरांनी ती केलीय. आपल्या मुंबईने तर ती आरोग्याच्याच नावाने केली.

चला, १८९६ सालच्या मुंबईत जाऊ. सप्टेंबर महिना. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याची लक्षणं पाहून ओळखलं की हा साधा ताप नाही, ही गाठीची साथ आहे, प्लेग आहे. पुढच्या काही महिन्यांत शहरातून लाखो माणसं गावाकडे पळाली. १८९७ च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात त्या काळात घरात घुसून झडत्या कशा झाल्या आणि २२ जून १८९७ रोजी काय घडलं, ते आपण सगळे शाळेत शिकलोय. तेव्हाही हेतू आरोग्याचाच सांगितला जात होता, पण ज्यांच्या घरात शिरायचं त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईत मात्र सरकारने एक लांब पल्ल्याचा उपाय काढला. १८९८ साली कायदा करून बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. आपल्याकडच्या बोलीत बीआयटी. त्या वेळची समजूत अशी होती की अंधार, कोंदट हवा आणि घाण यांतून रोग येतो. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच संशोधकाने १८९८ मध्येच मांडलं होतं, पण ते मान्य व्हायला बरीच वर्षं जायची होती. तेव्हा ट्रस्टने ठरवलं की दाटीच्या वस्त्या पाडायच्या आणि त्यांच्यातून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे पश्चिमेचा समुद्रवारा शहरात आतपर्यंत शिरेल. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते या विचारातून निघाले. तुमच्यापैकी कुणाचं आजोळ गिरगावात असेल तर या रस्त्यांवरून तुम्ही लहानपणी चालला असाल.

या कामात चांगलं काहीच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. खोलीत उजेड यावा म्हणून दोन इमारतींमध्ये किती अंतर हवं, याचा कोनाचा नियम ट्रस्टने लावला. समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे जाणारी रेषा ६३.५ अंशांपेक्षा चढी नको, असा तो नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यानं दिली. दादर-माटुंग्याची आखणी, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, तिथली झाडं, हे सगळं ट्रस्टचंच देणं. परळच्या बीआयटी चाळीत तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले.

पण पाडलेल्या घरांतली माणसं कुठे गेली? पहिल्या दोन दशकांत ट्रस्टने जितकी बिऱ्हाडं बांधली त्याहून अधिक पाडली. नवी घरं अनेकदा कामाच्या जागेपासून लांब होती किंवा भाडं परवडणारं नव्हतं. गोदीत, बाजारात हमाली करणाऱ्या माणसाला कामाशेजारीच राहावं लागतं. मग त्याने काय केलं? शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत आणखी एक पथारी टाकली. एका वस्तीतली गर्दी पाडली आणि ती शेजारच्या वस्तीत जाऊन बसली. प्लेगही त्यानंतर कित्येक वर्षं मुंबईत येत राहिला.

ट्रस्टचे इंजिनिअर अडाणी नव्हते, मनाने वाईटही नव्हते. वारा मोजला, उजेडाचा कोन मोजला, जमिनीची किंमत मोजली. आज रात्री ही माणसं कुठे झोपतील, एवढा एकच रकाना त्यांच्या वहीत नव्हता.

हा रकाना जगाच्या वहीत यायला फार वेळ लागला. १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत एक कायदा लागू झाला. मोठा सरकारी प्रकल्प करण्याआधी पर्यावरणावर काय परिणाम होईल ते लिहून काढणं त्याने बंधनकारक केलं. ती पद्धत जगभर पसरली. पण त्या अहवालांत नदी असायची, झाडं असायची, पक्षी असायचे. माणसाचा दमा, त्याची झोप, त्याचं चालणं क्वचितच असायचं. १९८६ साली कॅनडातल्या ओटावा इथे जागतिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत जाहीरनामा निघाला. आरोग्य फक्त दवाखान्यात घडत नाही, ते घर, शाळा, रस्ता आणि कामाच्या जागी घडतं, म्हणून प्रत्येक खात्याने आपल्या धोरणाचे आरोग्यावरचे परिणाम पाहावेत, असा त्याचा सूर होता. पुढे ब्रिटनमध्ये मँचेस्टर विमानतळाच्या दुसऱ्या धावपट्टीसारख्या प्रकल्पांवर असे अभ्यास झाले. १९९९ मध्ये गोथेनबर्ग सहमती म्हणून ओळखला जाणारा दस्तऐवज आला आणि या पद्धतीला रूप मिळालं.

तिच्या पायऱ्या आपल्यासारख्या सामान्य माणसालाही समजतील अशा आहेत. आधी पाहायचं की या निर्णयाचा आरोग्याशी संबंध आहे का. मग ठरवायचं की कोणते परिणाम तपासायचे आणि कुणावरचे. मग पुरावे गोळा करायचे, आकड्यांचे आणि तिथे राहणाऱ्या माणसांच्या अनुभवाचेही. मग निर्णय कसा सुधारता येईल ते सुचवायचं. शेवटी, निर्णय अमलात आल्यावर खरंच तसं झालं का, ते तपासायचं. यातली ‘कुणावरचे’ ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. एखाद्या रस्त्याने सरासरी फायदा होत असेलही, पण तोटा नेमका एकाच वस्तीच्या वाट्याला येत असेल तर ते सरासरीत दिसत नाही.

याचं एक उदाहरण सांगतो, म्हणजे मुंबईशी तुलना होईल. २००३ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को शहरात ट्रिनिटी प्लाझा नावाची इमारत पाडून तिथे मोठं संकुल उभारायचा बेत होता. जुन्या इमारतीत नियंत्रित भाड्याची ३६० घरं होती. शहराच्या आरोग्य विभागाने सवाल केला की ही माणसं बाहेर पडली तर त्यांच्या तब्येतीचं काय? जास्त भाडं म्हणजे जेवणात आणि औषधात काटकसर, लांबचं घर म्हणजे तुटलेले शेजारी, दाटीवाटीची खोली म्हणजे रोग. बऱ्याच वाटाघाटी झाल्या, रहिवाशांनी जोर लावला आणि शेवटी नव्या संकुलात नियंत्रित भाड्याची ३६० घरं ठेवायचं ठरलं. बीआयटीच्या वहीत जो रकाना नव्हता, तो इथे शंभर वर्षांनी भरला गेला.

आता परत आपल्या इथे येऊ. बर दुबईत खाडीकाठी अल फहिदीचा जुना भाग आहे. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे फिरवतोच. पुढच्या वेळी एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. गल्ल्या मुद्दाम अरुंद आहेत. दोन्ही बाजूंच्या भिंतींची सावली एकमेकींवर पडते. घरांवर बारजील, म्हणजे वारा पकडून खाली खोलीत सोडणारे मनोरे आहेत. मुंबईला निरोगी व्हायला रुंद रस्ता हवा होता, असं तिथल्या इंजिनिअरांना वाटलं. इथे वाळवंटाच्या काठावर अरुंद गल्ली हीच आरोग्याची सोय होती. म्हणजे एका शहराचं उत्तर दुसऱ्या शहराला जसंच्या तसं लागू होत नाही. प्रश्न मात्र दर वेळी विचारावा लागतो.

१९६० साली जॉन हॅरिस या ब्रिटिश वास्तुविशारदाने दुबईचा पहिला नगर आराखडा केला. मग तेल आलं, गाड्या आल्या, रस्ते रुंद झाले. शहर श्रीमंत झालं, पाणी-वीज घराघरांत पोचली, हॉस्पिटलं झाली. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने यूएईला मलेरियामुक्त जाहीर केलं. पण पायी चालणाऱ्याची सावली या वाढीत हरवली.

२००८ च्या सुमारास अबू धाबीच्या पर्यावरण संस्थेने एक मोठं काम हाती घेतलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाला सोबत घेऊन, या देशात पर्यावरणामुळे लोकांच्या आरोग्याचं किती नुकसान होतं, ते मोजायला घेतलं. बाहेरची हवा, घरातली हवा, कामाच्या जागचे धोके, पाणी, समुद्रकिनारा, सगळं तपासलं आणि कुठल्या धोक्याला आधी हात घालायचा याचा क्रम लावला. निष्कर्ष असा निघाला की सर्वांत मोठा भार बाहेरच्या हवेचा आहे. माणसाच्या व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या बारीक कणांमुळे २००७ या एका वर्षात देशात सुमारे ५४५ मृत्यू झाले असावेत, असा अंदाज मांडला गेला. त्यासोबत संशोधकांनी हेही स्पष्ट लिहिलं की खरा आकडा १३२ ते १,२२४ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो.

मला हे फार मोलाचं वाटतं. आम्हा एमबीएवाल्यांना एकच ठाम आकडा देण्याची सवय असते. एवढी मोठी कक्षा दिली की बॉस म्हणतो, जरा नीट काढून आण. पण खालचा आकडा धरला तरी काहीतरी करायला हवं एवढं कळत असेल, तर निर्णयाला तेवढं पुरतं. २०१० मध्ये पर्यावरण आणि आरोग्य यांची राष्ट्रीय रणनीती तयार झाली. २०१४ पासून देशात अगदी कमी गंधक असलेलं डिझेल आलं. त्याचं सगळं श्रेय एका अभ्यासाला देता येणार नाही, धोरणं अनेक कारणांनी बदलतात. पण टेबलावर आकडा असला की चर्चा वेगळी होते, एवढं नक्की.

याच कामाचा एक भाग थेट आपल्या देवघरापर्यंत येतो. ६२८ एमिराती घरांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या घरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइडसारखे वायू मोजण्याइतके सापडले, तिथे दम्याचं निदान झालेल्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. रोज धूप जाळणाऱ्या घरांत डोकेदुखी आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी जास्त होत्या. एकामुळेच दुसरं झालं असं अशा पाहणीतून सिद्ध होत नाही, फक्त दोन गोष्टी सोबत दिसतात. तरीही बंद खिडक्या, सतत चालू एसी आणि रोजची उदबत्ती असं आपलं घर असेल तर आरतीच्या वेळी दहा मिनिटं खिडकी उघडायला हरकत नाही. देवालाही मोकळी हवा आवडत असेलच की!

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? ती घरं एमिराती कुटुंबांची होती. या देशात बहुसंख्य माणसं तर बाहेरून आलेली, तुमच्या-माझ्यासारखी. शेअरिंगच्या खोलीत राहणारा, कामगार वसाहतीत बंक बेडवर झोपणारा माणूस त्या पाहणीत नव्हता. मोजणीत कोण आहे, यावर धोरणात कोण असेल हे बरंचसं ठरतं. म्हणून दुपारच्या विश्रांतीचा नियम मला इतका महत्त्वाचा वाटतो. तो मोजणीबाहेरच्या माणसासाठी आहे.

त्या नियमालाही मर्यादा आहेत. पाइप फुटला, डांबर ओतणं अर्ध्यावर आलं, अशा कामांना सूट असते. शिवाय नियम घड्याळ पाहतो, हवेतला दमटपणा पाहत नाही. ऑगस्टमधली दमट सकाळ काही वेळा कोरड्या दुपारइतकीच जीवघेणी असते. यावर अबू धाबीच्या आरोग्य प्राधिकरणाने ‘थर्मल वर्क लिमिट’ नावाचं मोजमाप पुढे आणलं. तापमान, दमटपणा, वारा आणि ऊन हे सगळं धरून, या क्षणी माणसाने किती श्रम करणं सुरक्षित आहे, ते त्यातून काढता येतं. नियम करून थांबायचं नसतं, त्याचा परिणाम तपासत राहायचं असतं, ती पद्धतीची शेवटची पायरी इथे दिसते. अलीकडे नियमाच्या जोडीला डिलिव्हरी बाइकवाल्यांसाठी विश्रांतीच्या जागा आल्या, २०२४ मध्ये देशभरात सहा हजारांच्या आसपास.

आणि आता शहर पुन्हा चालणाऱ्या माणसाकडे पाहू लागलंय. दुबईच्या २०४० च्या आराखड्यात रोजच्या बहुतेक गरजा वीस मिनिटांत गाठता याव्यात अशी कल्पना आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ‘दुबई वॉक’ योजना जाहीर झाली. ६,५०० किलोमीटरच्या पदपथांचं जाळं, ११० पादचारी पूल आणि भुयारी मार्ग, आणि पायी किंवा सायकलसारख्या साधनांनी होणारा प्रवास १३ टक्क्यांवरून २०४० पर्यंत २५ टक्क्यांवर न्यायचा. आकडे भव्य आहेत. मला मात्र माझी जुनी एक्सेल शीट आठवते आणि मी एवढंच विचारतो, बस स्टॉप ते पँट्री हे अंतर यात येतंय ना?

मंडळी, आपण इथे मत देत नाही. पण आपण शाळेच्या पालकसभेला जातो, बिल्डिंगच्या मॅनेजमेंटला मेल करतो, ऑफिसात निर्णय घेतो, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम ठरवतो. गणपतीचा हॉल ठरवताना पार्किंग पाहतो तसं मेट्रोपासूनचं अंतरही पाहू. शाळेची वेळ बदलायची चर्चा निघाली तर मुलांच्या झोपेचं विचारू. घरकामाला येणाऱ्या ताईंची वेळ दुपारी दोनची ठेवली असेल तर ती सकाळची किंवा संध्याकाळची करू. आणि सुट्टीत गावी गेल्यावर नगरपालिका रस्ता रुंद करते आहे असं कळलं, तर तिथल्या भाजीवाल्या मावशी उद्या कुठे बसणार, हेही विचारू.

या आठवड्यात मुलांना घेऊन एक छोटा प्रयोग करा. तुमच्या दारापासून जवळच्या बस स्टॉपपर्यंत संध्याकाळी चालत जा. एकूण पावलं किती आणि दुपारी त्यांतली सावलीत किती असतील, ते मुलांना मोजू द्या. कागदावर लिहा आणि फ्रिजवर लावा. त्या स्टॉपवरून तुमच्याकडे रोज कोण येतं, हे मुलांनी विचारलं तर त्यांना नावानिशी सांगा.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाणी पीत राहा आणि दुपारी दारात कुणी आलं तर त्यालाही विचारा. नमस्कार!